जवळचा आकडा

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण तिला ठाऊक होतं आणि तिचं काही बिघडतही नव्हतं. आकड्यांतल्या चुका पुसायचं कामच तसं होतं. डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवलेली होती. ती रेडिओवरून खाली धरणाच्या कंट्रोल रूमला आकडे धाडत. आकडा म्हणजे शेवटी शून्य आणि एक यांची माळ. वाटेत वीज कडाडली, खरखर झाली, की एखादा मणी उलटायचा आणि शून्याचा एक व्हायचा. म्हणून प्रत्येक माळेला पडताळणीचे थोडे जादा मणी जोडायचे. एकच मणी उलटला असेल तर तो कुठला, हे या जादा मण्यांवरून कंट्रोल रूममधल्या यंत्राला कळे आणि ते त्याला गुपचूप सरळ करी. दोन उलटले तर मात्र चूक झालीय एवढंच कळे, नेमकी कुठे ते कळत नसे. मग यंत्र तो आकडा टाकून देई आणि पुन्हा मागवून घेई.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. वादळी हवेत पुन्हा मागवलेला आकडाही बिघडूनच यायचा आणि पडद्यावर नुसती रेघ दिसायची. धरणवाल्यांनी तक्रारींचा धोशा लावला. विभागाच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"रेघा बघायला आम्ही यंत्र घेतलं का, असं विचारतायत. काहीतरी आकडा दाखव."

"काहीतरी म्हणजे कोणता, सर?"

"ते तू शोध. पगार मी घेतो आणि डोकं तुझं चालतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे."

तिने शोधला. दोन मणी उलटले असतील तर मूळ आकडा मोजक्या काही आकड्यांपैकीच एक असणार. त्यातला जो आधीच्या आकड्याला सर्वांत जवळचा, तो खरा धरायचा. पाणी काही बेडकासारखं उड्या मारत नाही, असा त्यामागचा विचार. चाचण्या उत्तम झाल्या, रेघा गायब झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि तीही, खोटं कशाला बोला, मनातून सुखावली.

धरणाच्या दरवाज्यांवर पाळीला तिचा धाकटा दीर असे. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात सासूबाई, दीर आणि ती अशी तिघंच. जेवताना दीर म्हणायचा, "वहिनी, तुमचं यंत्र हल्ली शहाण्यासारखं वागतंय बरं का! पूर्वी कसं, रुसलेल्या पाहुण्यासारखं गप्प बसायचं."

एका दुपारी डोंगरात ढग फुटले. खाली ऊन होतं. विजांनी इतका कहर केला की तासभर एकही माळ धड पोचली नाही. यंत्राने मात्र प्रत्येक माळ इमानेइतबारे दुरुस्त केली आणि प्रत्येक वेळी आधीच्या आकड्याजवळचाच आकडा उचलला. पडद्यावर नदी जागची हलली नाही. प्रत्यक्षात ती झाडं उपटत येत होती. लोंढा भिंतीशी आला तेव्हा दिराला सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले. हळूहळू उघडायला वेळ मिळाला असता, तर पाणी काठातल्या काठात गेलं असतं. आता ते खालच्या पेठेत पुरुषभर शिरलं. जीव कुणाचा गेला नाही. सुतारांची दुकानं आणि एक छापखाना वाहून गेला, एका पहारेकऱ्याचा पाय कायमचा अधू झाला.

गाव म्हणालं, ऑपरेटर डुलक्या घेत होता. दिराला निलंबित केलं आणि चौकशी समिती नेमली. तो एकच वाक्य घोकत राहिला, "पडद्यावर पाणी स्थिर होतं." शेजारणींनी सासूबाईंशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी खिडकीचा पडदाच ओढून घेतला.

समितीला शंका होती की डोंगरातला पाणी मोजणारा सेन्सर अडकला असावा. तो तपासण्याचं काम ओघानेच तिच्याकडे आलं. पायवाट दिराच्या ओळखीची, म्हणून तिने त्यालाही सोबत घेतलं. खांब चिखलाने माखला होता, पण पत्र्याची पेटी शाबूत होती. तिने लॅपटॉप जोडला. सेन्सरने पाठवण्याआधी स्वतःजवळ ठेवलेले आकडे सरसर वर आले. ते चढत होते. प्रत्येक आकडा आधीच्याहून मोठा.

"म्हणजे याने बरोबरच पाठवलं होतं?" दिराने विचारलं.

"हो."

"मग मला चूक कसं दिसलं?"

"मी दुरुस्त केलं म्हणून," ती म्हणाली. मग तिने त्याला मणी, माळ आणि जवळचा आकडा, सगळं समजावून सांगितलं. तो खाली बसून बुटाचा चिखल काडीने काढत ऐकत होता. ऐकून झाल्यावरही काढतच राहिला.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "सेन्सर अडकला म्हणून लिही. लोखंडाला कुणी फासावर चढवत नाही. तुझा दीरही त्यात सुटतो. सापही मेला, काठीही वाचली."

"सर, हीच दुरुस्ती आणखी नद्यांवर चालू आहे."

"ती हळूच काढून टाकू."

"कधी?"

"पावसाळा संपला की."

तिने समितीपुढे जे होतं ते सांगितलं. साहेबांचा हुकूम सांगितला आणि युक्ती आपली होती हेही सांगितलं. त्याच आठवड्यात सगळ्या नद्यांवरून ती दुरुस्ती उतरवली. साहेबांची बदली झाली. तिला रचनेच्या कामावरून काढून चाचणी विभागात बसवलं. दीर निर्दोष ठरला.

घरी सासूबाई भाजी चिरता चिरता थांबल्या. "तो तसाही सुटत होता म्हणतात. मग तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास? आता लोक म्हणतायत, दीर नाही तर भावजय, घर तेच."

"आई, दुसऱ्या धरणावरही कुणाचा तरी दीर बसलेला असतो."

सासूबाईंना हे पटलं की नाही, कळलं नाही. त्या पुन्हा चिरू लागल्या. दीर ताट उचलून आत निघून गेला. पुढे कितीतरी दिवस तो कामापुरतंच बोलायचा. मीठ हवं असेल तर हात लांब करून स्वतः घ्यायचा. तिनेही कधी विषय काढला नाही. माफी तिने डोंगरातच मागायला हवी होती, असं तिला वाटे; आणि आता मागितली तर तोच उलट अवघडेल, असंही वाटे.

तो कामावर रुजू झाला. एकदा दुपारी चाचणी विभागातला फोन वाजला.

"वहिनी, इकडे रेघा आल्यात. वरच्या चौकीला फोन करून विचारलं, पाणी चढतंय म्हणाले. मी दोन दरवाजे आत्ताच उघडतोय."

"बरं. मला का सांगताय, भाऊजी?"

खरखरीतून दरवाज्याची कळ दाबल्याचा आवाज आला.

"सांगावंसं वाटलं," तो म्हणाला. "आणि आईला सांगा, मला यायला उशीर होईल."