भाग न जाणारी भिंत

पंपवाल्याची भिंत मंगळवारी पडली, शेवटी उरलेल्या साताच्या आकड्यासकट. पण ते झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. पंपवाल्यानेही तसंच धरलं आहे आणि त्याचं काही अडलेलं नाही.

तर भिंत उभी आहे. वर्कशॉपपासून थेट रस्त्यापर्यंत गेलेली आणि तिच्यावर निळ्या ऑइलपेंटने काढलेले पुरुषभर उंचीचे आकडे : ७३९३९१३३. पंपवाल्याचा फोन नंबर. रंगवला बायकोने. पेंटर मिळत होता, पण त्याचं वळण तिला पसंत नव्हतं. पुढे बायको गेली, मग फोनची लाइनही गेली, आकडे राहिले. पंपवाला रोज सकाळी त्यांच्यावर ओलं फडकं फिरवायचा आणि मगच दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या मोटारी उघडायला बसायचा.

रस्ता रुंद करायचं निघालं. खात्याने सगळी भिंत एकदम मागितली नाही; निधी येई तसतसा रस्ता रुंद होई. पहिल्या खेपेला उजवीकडचा तीन गेला. पंपवाला दिवसभर एकाही मोटारीला हात लावेना.

संध्याकाळी गणित शिकवणारी लेक आली. भिंतीसमोर उभी राहून तिने बराच वेळ ओठांतल्या ओठांत हिशेब केला.

"बाबा, तुमचा नंबर मूळ संख्या होता."

"म्हणजे काय गं?"

"एकाने आणि स्वतःनेच भाग जातो. बाकी कुणाला दाद देत नाही."

"होता ना! आता तोडला."

"उरलाय तोही मूळच आहे. उजवीकडून कितीही तोडा, पार साताला येईपर्यंत मूळच राहतो. फक्त अख्ख्या नंबराच्या उजवीकडे आणखी आकडा जोडायचा नाही. कुठलाही जोडला तरी भाग जातो. याला वाढता येत नाही, कमी होता येतं."

पंपवाल्याने उरलेल्या आकड्यांवरून हात फिरवला. बायकोही अशीच थोडी थोडी कमी होत गेली होती. आणि शेवटच्या दिवशीसुद्धा तिने नर्सला उशीचा अभ्रा काढून पुन्हा नीट घालायला लावला होता.

"तुझ्या आईवर गेलाय," तो म्हणाला.

तेव्हापासून बुलडोझर आला की पंपवाला भिंतीला पाठ लावून उभा.

"काका, व्हा बाजूला," तरुण इंजिनियर म्हणायचा.

"आधी भाग घालून दाखवा, मग होतो."

पहिल्यांदा इंजिनियर हसला. दुसऱ्यांदा त्याने मोबाइल काढला. ७३९३ उरले तोवर त्याला नाद लागला होता.

"तेराने?"

"नऊ उरतात," लेक आतून ओरडली.

"साहेब, सतराने बघा की," बुलडोझरवाला केबिनमधून वाकून म्हणाला. सतरानेही जाईना. शेवटी इंजिनियरने घाम पुसला. "काका, संख्या तुमची खणखणीत आहे हो. पण भिंत रस्त्यात येते."

"भिंत आधीची. रस्ता भिंतीत येतो."

असं करता करता एकटा सात राहिला. त्याच्या पाडकामाची नोटीस आली, तेव्हा पंपवाल्याने लेकीला समोर बसवून अर्ज सांगितला. त्यातली भाषा इंजिनियरने स्वतः सुधारून दिली :

"विषय : सात. महोदय, सदर आकडा माझ्या कै. पत्नीच्या हातचा आहे. तो पाडण्यास अर्जदाराची हरकत नाही. तथापि तत्पूर्वी खात्याने, एक व खुद्द सात वगळून, अन्य कोणत्याही पूर्ण संख्येने त्यास निःशेष भाग घालून दाखवावा व उत्तर सही-शिक्क्यानिशी कळवावे. तोपर्यंत रस्त्याने थांबावे, ही नम्र विनंती."