सावलीचा चेहरा

रेघ बायकोची, रंग नवऱ्याचे. तीस वर्षं दोघांनी भिंती अशाच रंगवल्या. "ती चित्रकार, मी नुसता रंगारी," असं तो स्वतःच सांगे, म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणत. त्यामुळे ती गेली तेव्हा ग्रंथालयाची मोठी भिंत एका चेहऱ्यावाचून अडली.

भिंतीवर सूर्याच्या बायकोची जुनी कथा होती. नवऱ्याचं तेज सोसवेना, तेव्हा तिने आपल्या सावलीत जीव घातला, तिला घरात ठेवलं आणि पोरांनाही न सांगता निघून गेली. निघालेली बायको काढून झाली होती. सावलीचा चेहरा तेवढा राहिला.

रंगाऱ्याने पंधरा दिवस खडूने काढलं आणि पुसलं. शेवटी लेक आली, कॉम्प्युटरवाली. कपाटातली आईची झाडून सगळी चित्रं तिने स्कॅन केली आणि यंत्राला शिकवली.

"आता आईच्या हातासारखं काढेल बघा."

"हात कुठून आणणार ते?" तो पुटपुटला, पण खुर्ची ओढून बसला.

पडद्यावर चेहरा उमटला आणि तो खुर्चीतून पुढे झुकला. बायको नेहमी काढायची तीच हनुवटी, तीच उतरती पापणी.

"रेघ थरथरतेय," लेक म्हणाली. "कुठेतरी चुकलंय. साफ करते."

"नको."

"बाबा, आईची रेघ अशी नव्हती."

"शेवटची दोन वर्षं होती. कपाटातली बरीचशी चित्रं तेव्हाचीच."

लेकीने मान वळवली. "दोन वर्षं? मला तर आजार शेवटच्या महिन्यात कळला."

"तुझी नोकरी नवी होती. पोरीला कळवू नका, म्हणाली. फोनवर आवाज ठणठणीत ठेवायची."

"आणि तुम्ही ऐकलंत."

लेक भांडली नाही. चेहरा छापून टेबलावर ठेवला आणि दुपारच्याच गाडीने गेली.

रंगाऱ्याने तो भिंतीवर उतरवला, एकही कंप न गाळता. आठ दिवस लागले. रोज संध्याकाळी तो लेकीला फोन करी, ती उचलत नसे. नवव्या दिवशी तिचाच आला.

"काय काय लपवलंत ते सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

तो शिडीच्या खालच्या पायरीवर टेकला.

"आधी तिच्या हातून कप पडला," त्याने सुरुवात केली. लेकीने फोन ठेवला नाही.