मागची कुरकुर

ताईला दर आठवड्याला इस्पितळात न्यायचं सुरू झालं आणि गाडी मागून आवाज करायला लागली, दोन्ही एकदमच. खड्डा आला, स्पीडब्रेकर आला, की आधी ‘खट्’ व्हायचं आणि पाठोपाठ एक बारीक, लांबट ‘कुंऽऽ’. गाडी चालवणारा तिचा धाकटा भाऊ, फ्रेमवाला, लगेच आरशात बघायचा. ताई मागच्या सीटवर एक उशी पाठीशी आणि एक छातीशी धरून खिडकीबाहेर बघत असायची.

“दुखलं का गं?”

“मला काय होतंय? तुझी गाडी कुरकुरतेय, मी नाही.”

ताईने सगळा जन्म शाळेत पीटी शिकवली. मैदानात पडलेल्या मुलीला ‘हाड मोडलंय का? नाही ना? मग ऊठ’ एवढंच म्हणणारी बाई. आता दुखणं तिच्याच मणक्याच्या हाडात शिरलं होतं, पण तोरा तोच. घरात ही दोघंच भावंडं. धाकटा पन्नाशी ओलांडून गेला, लोकांच्या फोटोंना फ्रेमा करता करता वाळून काटकी झाला, तरी तिच्या लेखी तो अजून ढब्याच होता.

डॉक्टर दर वेळी ‘बघू या’ म्हणायचे. गोळ्या बदलल्या, बघू या. पट्टा बदलला, बघू या. त्या ‘बघू या’ने फ्रेमवाला मेटाकुटीला आला होता. ताईच्या पाठीत जे काही चाललं होतं त्याला हात लावायची सोय नव्हती. गाडीला निदान हात लावता येत होता, म्हणून सगळा राग त्याने गाडीवर काढला.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, “मागच्या ॲक्सलचे बुश गेलेत. मधलं रबर संपलं की लोखंडावर लोखंड आपटतं. तो तुमचा खट्.”

“आणि कुरकुर?”

“ती नाही ऐकली मी.”

“मागे कुणी बसलं की येते.”

“मग वजनाने येत असेल. गाडी पुढच्या महिन्यात आणा, आत्ता जागा नाही.”

घरी हे ऐकून ताई हसली. “माझं वजन? काय राहिलंय आता वजन?” मग हसू आवरून म्हणाली, “असू दे रे तो आवाज. मला सवय झालीये त्याची.”

आपल्याला त्रास नको म्हणून म्हणतेय, असं फ्रेमवाल्याला वाटलं. इतका शहाणा माणूस, पण ताईचं बोलणं सरळ अर्थाने घ्यायचं त्याला कधी जमलं नाही. बुशची नवी जोडी आणि जुने बुश दाबून काढायचं भाड्याचं हत्यार घेऊन तो रविवारी सकाळीच अंगणात उतरला.

शेजारचे लिफ्टवाले काका न बोलावता आले. आयुष्यभर लिफ्टी दुरुस्त केल्यामुळे वर चढवलेली कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते असा त्यांचा समज होता. गाडी जॅकवर चढली, स्टँडवर बसली, मागची चाकं निघाली. ॲक्सलचे बोल्ट मात्र हटून बसले. तेल ओतलं, पान्याला पाइप लावून लोंबकळून झालं. शेवटी बोल्ट सुटला तेव्हा फ्रेमवाला पान्यासकट पाठीवर पडला.

“हाड मोडलंय का?” खिडकीतून ताई.

“नाही.”

“मग ऊठ.”

काका पोट धरून हसले. ताईही हसली, पण अर्ध्यातच थांबली आणि खिडकीची चौकट धरून उभी राहिली. फ्रेमवाल्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून तो गाडीखाली शिरला.

बुशमधलं रबर चुरा होऊन हातात आलं. बाहेरची लोखंडी कडी गंजून अशी बसली होती की भाड्याच्या हत्याराने हात टेकले. मग करवतीचं नुसतं पातं फडक्यात धरून तो ती कडी आतून कापत बसला. फ्रेमची लाकडं कापणारा हात, त्याला लोखंडाची सवय कुठली? बोटं सोलवटली, डोळ्यांत गंज गेला. पण त्याला मनापासून बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी कापलं की कापलं जाणारं काहीतरी हाताला लागलं होतं.

नवे बुश साबणाचं पाणी लावून, खुणेला खूण जुळवून बसवले. काका बजावत होते, “शेवटचा आवळा चाकं जमिनीला टेकल्यावर. अधांतरी आवळलास तर रबराला कायमचा पीळ बसतो.” त्याने तसंच केलं. कामात खोट म्हणून ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईला मागे बसवून तो निघाला. कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर आला. खट् झालाच नाही. फ्रेमवाला हसणार तेवढ्यात मागून ‘कुंऽऽ’ आलं, एकटंच.

नट सैल राहिला असेल, त्याला वाटलं. खूण चुकली असेल. पुढच्या स्पीडब्रेकरवर त्याने गाडी अगदी हळू घेतली आणि कान टवकारले. गाडीने हूं की चूं केलं नाही. आवाज मात्र आला, आणि तो खालून येत नव्हता.

त्याने आरशात पाहिलं. ताईने डोळे घट्ट मिटून उशीचा कोपरा दातांत धरला होता.

इतके दिवस ती त्या ‘खट्’च्या आडून कण्हून घेत होती. तेवढाच तिला आडोसा होता, आणि तो त्याने करवतीने कापून काढला होता. काम बिघडलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. उभ्या जन्मात त्याच्या हातून इतकं चोख काम झालं नव्हतं.

ताईने डोळे उघडले तेव्हा तो आरशात तिच्याकडेच बघत होता. तिने उशीचा कोपरा हळूच सोडला.

“राहिली की रे कुरकुर,” ती म्हणाली.

“हो.” त्याने गिअर बदलला. “एखादा बुश राहिलाय आत कुठेतरी.”

“निघेल का?”

बघू या, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्याने गिळले.

“मला नाही गं काढता येणार,” तो म्हणाला. “जुनी गाडी आहे, ताई. करू दे तिला कुरकुर. मोठ्याने केली तरी चालेल.”

ताईने छातीशी धरलेली उशी बाजूच्या सीटवर ठेवली. इस्पितळ अजून लांब होतं. पुढचा स्पीडब्रेकर आला, गाडी आवाज न करता चढली, आवाज न करता उतरली.

“आई गं,” ताई मोठ्याने म्हणाली.

फ्रेमवाल्याने आरशात पाहिलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो समोरच्या रस्त्यावर पुढचा उंचवटा शोधत राहिला.