दुआच्या फिल्ममधला आवाज

पडद्यावरच्या फ्लेमिंगोचा एक पाय मागे दुमडला होता. लोक त्या सांध्याला गुडघा समजतात. तो घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. अल ऐनच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवणारी खैरुन्निसा हे शेजारी बसलेल्या नवऱ्याला हळूच सांगणार होती, पण अहमद छाती फुगवून पडद्याकडे बघत होता. लेकीची, दुआची, पहिली फिल्म! दुबईची पाणथळ जागा, तिथे उतरणारे पक्षी आणि कोकणातून आखातात आलेली माणसं.

खेडच्या कॉलेजने खैरुन्निसाला नोकरी देऊ केली होती. दोनदा मुदत मागून झाली, आता उद्या उत्तर द्यायचं होतं. अहमदचं एकच पालुपद: "एवढं वर्ष थांब, पुढल्या वर्षी दोघं जाऊ, इन्शाल्ला." त्या पुढल्या वर्षाची वाट बघत दाभोळला बांधलेलं घरही कुलपातच राहिलं होतं.

पक्षी उडाले. पडद्यावर नुसतं पाणी उरलं आणि त्यावर अहमदचा आवाज आला.

"हॅलो, हॅलो, माइक टेस्ट. काय बोलू गं? परत? मी कुठला परत जातोय! ते घर तुझ्या अम्मीच्या समाधानाला बांधलं. पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी म्हणत राहायचं, खलास. तिला सांगू नकोस हां."

खाली इंग्रजी ओळी सरकल्या. अख्खा हॉल हसला.

खैरुन्निसाने मान वळवली. अहमदचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दिवे लागले तशी दुआ धावत आली. "अम्मी, डिड यू लाइक इट?"

"अगं, ते माइक टेस्टचं होतं!" अहमद दबक्या आवाजात तिच्यावर खेकसला. "असलं कुणी फिल्ममध्ये घालतं?"

"बट अब्बा, तोच तर बेस्ट पार्ट आहे." दुआ गोंधळली. "अम्मी, आय थॉट यू न्यू. एव्हरीबडी नोज."

"सगळ्यांना?" खैरुन्निसाने विचारलं. अहमदने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"खैरू, घरी जाऊन बोलू. लोक बघतायत. यल्ला, चल, मी गाडी काढतो."

ती जागची हलली नाही.

"खेडला मी उद्या होकार कळवतेय," ती म्हणाली. "जूनमध्ये जाणार. एकटी."