आधी तपासणी, मग सुपारी

सुपारी फोडायला सगळे आमच्या करी रोडच्या खोलीत जमले होते. माझा राजेश आणि माझ्या दादाची मनवा. मामाची मुलगी, म्हणजे आमच्यात हक्काचीच. मीही अशीच आत्याच्या घरात आले. तीच आता माझी सासू.

“थांबा,” मी म्हटलं. “आधी दोघांचं रक्त तपासायचं.”

“गो, घरातला चेडू घरात येता, तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?” सासू म्हणाली.

“पूर्वीसाठी दुखतं.”

पूर्वी माझी धाकटी. अंधारलं की तिला जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि मूत्रपिंडं आत्तापासूनच कुरकुरतात. डॉक्टरांचं बोलणं मला एका दमात कळलं नव्हतं; मोबाइलवर बघून, त्यांना पुन्हा पुन्हा पिडून समजून घेतलं. पेशीच्या अंगावर एक बारीक केस असतो, आजूबाजूची खबर घेणारा. तो उगवायचा तर पेशीचा पातळ पडदा वाकवावा लागतो, आणि ते काम एका प्रथिनाचं. पूर्वीचं ते प्रथिनच बिघडलेलं. केस धड उभा राहत नाही, म्हणून डोळे आणि मूत्रपिंडं दोन्ही अडतात. अर्धा बिघाड माझ्याकडून आला, अर्धा तिच्या बाबांकडून; नुसता अर्धा अंगात असला तर कळतही नाही.

“आमच्या घराण्याक नावां ठेवतंस?”

“घराणं माझंही तेच, आत्या. दोन्हीकडून.”

मग दादा हळूच म्हणाला, “म्हणजे पूर्वी झालीच नसती तर बरं, असं म्हणतेस तू?”

याच प्रश्नाला मी भीत होते. पूर्वी समोरच बसली होती.

“ती मला हवीच होती. तिला हे दुखणं नको होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत दादा, त्यांची एक करू नकोस.”

“आणि मामा, मी इथेच बसलेय हां,” पूर्वी म्हणाली. “माझं नाव पुढे करून आईला गप्प नको बसवू.”

“दोघांतही निघालं तर?” दादाचा आवाज उतरला.

“तर ते दोघं ठरवतील. पण माहीत असून.”

राजेश फरशीकडे बघत होता, अगदी बापासारखा. उठली ती मनवा. सुपारीचं ताट उचलून तिने फ्रिजवर ठेवलं.

“आत्या, तुझे ते परळचे डॉक्टर आज असतात?” तिने मला विचारलं. “राजेश, चप्पल घाल.”

सासू दारात आडवी आली. “आणि लगीन मोडला तर?”

“मोडलं तर माझं मोडेल, आजी. सरका.”

ती सरकली. राजेश अजून चप्पलच शोधत होता.