पाहुण्यांच्या काथवटीतला बातिर

सकाळच्या चहाच्या वेळी बातिरच्या नाकातून एक बुडबुडा निघाला, फुगला आणि फुटला. त्यामागोमाग बारीक शिट्टी वाजली.

ओरिन्बायनं चहाचा वाडगा खाली ठेवला. उभी हयात रेल्वेचे सांधे बदलण्यात घालवलेला माणूस तो. गाडी सिरदर्या नदीपल्याड असतानाच शिट्टीवरून तो ड्रायव्हरचं नाव सांगायचा, आणि ड्रायव्हर आदल्या दिवशी काय जेवला तेही, असं गावात म्हणत. पण कासवाच्या नाकातली शिट्टी त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकली.

एखाद्याच्या घरचं जनावर आजारी पडलं, तर तो पहिल्यांदा बायकोला हाक मारतो. ओरिन्बायची पंचाईत तिथंच होती. दस्तरखानाच्या, जेवायच्या चादरीच्या पलीकडे कुलाश बसली होती, तिनंही बुडबुडा पाहिला होता, आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. आज नाही, काल नाही, कित्येक वर्षं नाही.

कारण होतं मेंढ्याचं मुंडकं. एका मेजवानीत ओरिन्बायनं ते शिजवलेलं मुंडकं मोठ्या लाकडी काथवटीत घालून जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबापुढं ठेवलं. आणि शेजारी कोण बसलेला? कुलाशचा थोरला भाऊ दुइसेन. पांढऱ्या दाढीचा, पंचक्रोशीतला एकुलता एक गुरांचा डॉक्टर. मुंडक्याचा मान त्याचा होता. दुइसेननं आपली सुरी पुसली, बुटात खोचली आणि उठून गेला. साहेबाला तर ते मुंडकं कुठून कापायचं हेही कळेना. सगळे गेल्यावर कुलाश नवऱ्याला म्हणाली, "इतकी वर्षं तुम्हाला ओतागासी म्हणत आले, चुलीचा धनी म्हणून. आजपासून चूल माझी, आणि तिला धनी कुणी नाही."

मग बातिर कामाला लागला. नुसता वीतभर जीव, पण घराचा सगळा कारभार त्याच्या पाठीवर आला. "बातिर, सांग तुझ्या मालकाला, चहा गार होतोय." "बातिर, तिला सांग, चहात मीठ कमी आहे." "बातिर, मालकाला म्हणावं, कमीच मिळेल." खोटं वाटेल, पण शेजारीपाजारी शपथेवर सांगत की कुलाशनं 'मेल्या' म्हटलेलं बातिर 'महाराज' करून पोचवायचा, नाहीतर ते घर टिकलं नसतं.

हिवाळ्यात मात्र तो तळघरात, वाळूच्या पेटीत झोपायचा. मग घरात अशी शांतता पसरायची की उंदरांनासुद्धा खोकायला अंगणात जावं लागे. यंदा त्याची पेटी लवकरच वर आली होती. आपणच जागा झाला असेल, असं ओरिन्बायला वाटलं, आणि त्याला बरंच वाटलं होतं. आता बाहेर बुरान उठलं होतं. बर्फाचं वादळ भिंतीवर धडका देत होतं, आणि निरोप्या मान लांब करून, तोंड वासून श्वास ओढत होता.

ओरिन्बाय गुपचूप उठला. फडताळातून मेंढीच्या शेपटीच्या चरबीची बरणी काढली आणि बातिरच्या पाठीवर चांगली खसखसून चोळली. छातीत कफ झाला की त्याची आई त्याला हेच करायची. कुलाशनं त्याला विचारलं नाही. तिनं दाराच्या वर टांगलेली अद्रास्पानच्या कडू पाल्याची वाळकी जुडी तोडली, तव्यावर पेटवली आणि तो कडवट धूर पेटीभोवती फिरवला. दृष्ट लागली की तिची आई हेच करायची. ओरिन्बायनं तिला विचारलं नाही.

बातिरची शिट्टी आता घरघर झाली.

"बातिर," कुलाश सवयीनं म्हणाली, "सांग तुझ्या मालकाला, तुला—"

पण ज्यानं सांगायचं त्यानं डोळे मिटले होते.

ओरिन्बायनं फोन घेतला. कुलाशनं पाहिलं, तो कुणाचा नंबर दाबतोय ते, आणि तव्यावरचा हात तिथंच राहिला.

"कोण?"

"मी. ओरिन्बाय."

पलीकडे वारा घोंघावत होता. मग, "मेंढ्या मेल्या का?"

"नाही. कासव. आजारी आहे, दुइसेके." मान द्यायचा तर नाव छाटून त्याला 'के' जोडायचा, ओरिन्बायनं तो आज जोडला, पण घशात अडकलेला काटा काढावा तसा.

"कासव! मग तुझ्या साहेबाला बोलाव की. मुंडकं जमलं त्याला, कासवही जमेल."

"तोंड उघडं टाकून श्वास घेतोय. नाकातून बुडबुडे. आत घरघर."

दुइसेनचा आवाज बदलला. "तू का खोकतोयस?"

"अद्रास्पान लावलाय."

"विझव! आधी विझव, मग बोल! फुप्फुसाचं दुखणं आहे आणि धूर देता? आणि पाठीला काय फासलंयस? खोटं बोलू नकोस, मी तुला ओळखतो."

"थोडी... चरबी."

"धुऊन काढ. आता सांग, झोपेतून कधी उठला? आपण उठला की कुणी उठवला? उठल्यावर पाणी प्यायला? खाल्लं काही?"

ओरिन्बायला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"तिला विचार," दुइसेन म्हणाला.

ओरिन्बायनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"ऐकतोयस? फोन खाली न ठेवता विचार. मला ऐकू आलं पाहिजे."

ओरिन्बायनं मान वळवली. आगगाडीचा सांधा खटक्यासरशी फिरायचा; ही मान फिरायला त्याहून जास्त जोर लागला.

"कुलाश," तो म्हणाला. "कुणी उठवला याला?"

स्वतःचं नाव ऐकून तिच्या हातातला तवा कलंडला. निखारे जमिनीवर पडले, तिनं ते बुटानं विझवले. मग खालीच बघत म्हणाली, "मीच. मध्ये बर्फ वितळलं ना, तेव्हा. ऊन पडलं, मला वाटलं वसंत आला. पेटी वर आणली. मग पुन्हा गारठा पडला, आणि पेटी दाराशी होती. पाणी प्यायला नाही. गाजराचा पाला हुंगला नुसता."

"पण का उठवलास?" ओरिन्बायनं विचारलं.

"घरात बोलायला कुणी नव्हतं."

ओरिन्बायनं फोन दोघांच्या मध्ये धरला.

"हं," दुइसेन म्हणाला. "ऐका दोघं. धूर बाहेर घालवा, पण त्याला वाऱ्याचा झोत लागू देऊ नका. पेटी चुलीजवळ ठेवा, चुलीवर नाही. अर्धी पेटी उबदार, अर्धी नाही. कुठं बसायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. तोंडात काही कोंबू नका. आणि कोमट पाण्यात बसवा, हनुवटीच्या खालपर्यंत, त्याहून वर नाही. मान टाकली तर बुडून मरेल, म्हणून हात ठेवा खाली. पाण्यात मुतला तर समजा आत सगळं चालू आहे, माझी सुई त्याला झेपेल. नाही मुतला तर..." तो थांबला. "वादळ जरा ओसरलं की निघतो. कासवासाठी. तुझ्यासाठी नाही."

कुलाशनं बातिरला शालीत गुंडाळून आतल्या खोलीत नेलं, ओरिन्बायनं खिडकी उघडली. बर्फ आत आलं, धूर बाहेर गेला. त्यानं बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्या लोकरीच्या नमद्यात गुंडाळून पेटीच्या एका कडेला लावल्या. पण न्हाऊ घालायला भांडं? बादली खोल, कढई अरुंद, वाडगे लहान. रुंद आणि उथळ असं घरात एकच होतं.

दोघांनी एकदमच फडताळाच्या माथ्याकडे पाहिलं.

"तीच?" ओरिन्बाय म्हणाला.

"तीच," कुलाश म्हणाली.

साहेबापुढं मुंडकं ठेवलेली ती काथवट इतक्या वर्षांत प्रथमच खाली आली. कुलाशनं कोपर बुडवून पाणी पाहिलं, तान्ह्या पोराचं बघतात तसं, आणि बातिरला अलगद बसवलं. तिनं पाठीवरची चरबी ओल्या फडक्यानं पुसायला घेतली. ओरिन्बायनं दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरली. ते डोकं अक्रोडाएवढं, पण त्याला ते रेल्वेच्या डब्याएवढं जड वाटलं.

"गार होतंय पाणी."

"ओतते. ओरडू नका."

"कडेनं ओत! भाजेल."

"तुमचा हात थरथरतोय. मला द्या."

"नाही थरथरत."

"मग काय काथवट थरथरतेय?"

आपण कुणाशी बोलतोय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. बाहेर वादळ छपराचा पत्रा उचकटत होतं. पाणी निवलं, पुन्हा ओतलं, पुन्हा निवलं. बातिर हलला नाही. मग ओरिन्बायच्या बोटांवरचा भार एकदम वाढला. मान सैल पडली होती.

"शिट्टी थांबली," तो म्हणाला.

कुलाशनं हात वर करून त्याला गप्प केलं. रुमाल मागं सारला, काथवटीवर वाकली आणि कान त्या इवल्या तोंडाशी नेला. तिचा ओला गाल ओरिन्बायच्या मनगटाला टेकला होता. त्यानं श्वास घेतला नाही. तिनंही नाही. त्या खोलीत श्वास घ्यायचं काम फक्त एकाचंच होतं, आणि तो घेत नव्हता.

मग पाण्यात मागचा पाय लाथाडल्यासारखा हलला. शेपटीजवळ काहीतरी गढूळलं, पांढुरकं, आणि ते हळूहळू पसरत काथवटीच्या नक्षीदार काठापर्यंत गेलं.

"मुतला!" कुलाश किंचाळली. "ओतागासी, मुतला!"

आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

ओरिन्बायच्या बोटांवर पुन्हा ती बारीक शिट्टी लागली, गुदगुल्या झाल्यासारखी. "ऐकलं," तो म्हणाला. शिट्टी ऐकली की दुसरं काही, ते त्यानं सांगितलं नाही.

बातिरला कोरडं करून पेटीत ठेवल्यावर तो बाहेरच्या खोपटात गेला. तिथं हिवाळ्यासाठी गोठवलेलं मेंढ्याचं मुंडकं टांगलेलं होतं, भाजून, खरवडून तयार. त्यानं ते मोठ्या पातेल्यात उकळायला घातलं. कुलाशनं पाहिलं आणि मुकाट्यानं जाळ वाढवला.

अंधारायच्या आत दुइसेन आला. गाडी नाल्यात रुतली म्हणून उरलेली वाट घोड्यावरून. कुणाचा घोडा ते त्यानं सांगितलं नाही. दाढीत बर्फ असं जमलं होतं की चहाचा वाडगा तोंडाशी नेताना खडखडाट झाला. त्यानं बातिरला हातात तोललं, छातीला नळी लावली, पुढच्या पायात बारीक सुई टोचली.

"अजून काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "सुया चालू राहतील. ऊब पाहिजे आणि शांतता. त्याच्यापाशी बडबड नको. निरोप पोचवायला तर मुळीच नको. सगळं गाव हसतं तुम्हाला, आणि मला विचारतं."

ओरिन्बायनं दोन्ही हातांनी मुंडकं आणलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. पाव ठेवायच्या पत्र्याच्या थाळीत.

दुइसेननं थाळीकडे पाहिलं. "साहेबाला काथवट, आणि मला पत्रा?"

"काथवटीत तो मुतलाय, दुइसेके. म्हणत असाल तर धुऊन आणतो."

दुइसेनची दाढी हलायला लागली. आतून हसू येतंय की राग, ते बर्फामुळं कळेना. मग त्यानं बुटातून सुरी काढली आणि पहिला कान कापला. कान घरातल्या धाकट्याला द्यायचा असतो. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तो पेटीच्या झाकणावर ठेवला.

"त्याचा आहे. खायला देऊ नका. बरा झाला की दाखवा."

कुलाशनं चहा ओतला आणि जन्माच्या खोडीनं पेटीकडे तोंड वळवलं. "बातिर, सांग—"

दुइसेननं सुरी वर केली.

कुलाश थांबली. पेटीत ती बारीक शिट्टी वाजत होती; कमी झाली होती की नाही, तिघंही कान देऊन ऐकत होते. मग तिनं वाडगा नवऱ्यापुढं धरला.

"मीठ बरोबर आहे का?"

ओरिन्बायनं घोट घेतला.

"कमी आहे."

"कमीच मिळेल," कुलाश म्हणाली, हळू आवाजात, पेटीला ऐकू जाऊ नये असं.