वैशाखातली कुंची

तीन महिन्यांच्या लेकराला वैशाखात मखमलीची कुंची घालावी, ही कल्पना नंदाबाईची. तिच्या अकलेबद्दल मी काही बोलणार नाही, कारण तिच्या जागी नवेगाव बांधातली दुसरी कोणतीही आई असती तरी तिनं हेच केलं असतं. लेक पहिलं बाळंतपण आटोपून सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची अब्रू निघते, आणि ती अब्रू नातवाच्या अंगावर चढवलेली असते. त्यातून कापडावरचा सरकारी कंट्रोल नुकताच उठलेला. इतकी वर्षं मिळेल ते जाडंभरडं नेसून वैतागलेल्या नंदाबाईनं गोंदियाहून लाल मखमल आणवली, आतून फलालीनचं अस्तर लावलं, कडेनं जरी टाचली आणि दोन महिने दुपारची झोप सोडून कुंची शिवली. सौंदडच्या विहिणीनं तोंडात बोटं घालावीत, एवढीच तिची इच्छा होती.

ही विहीण म्हणजे सुमित्राबाई. तिच्या जिभेला अख्खं सौंदड वचकून असे. नंदाबाईची लेक रुख्मा लग्नानंतर दीड वर्ष तिच्या हाताखाली नांदली, पण त्या घरात मान वर करून एक वाक्य बोलली नव्हती.

निघायचं होतं पहाटे. पण ओटी भरायला आलेल्या बायका, त्यांचा चहा, कोणाचं तरी राहून गेलेलं कुंकू, यात दिवस चांगला कासराभर वर आला. शेवटी रुख्माचा मोठा भाऊ मनिराम यानं बैल जुंपले. गाडीवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर होतं. झळ लागू नये म्हणून नंदाबाईनं पुढच्या-मागच्या दोन्ही तोंडांना जाड चादरी बांधल्या, खाली वाकळ अंथरली, आणि नातवाला झबलं, टोपडं, वरून कुंची असा सजवून लेकीच्या मांडीवर दिला. ऊन आत शिरू नये याची तिनं इतकी काळजी घेतली होती की वाऱ्यालाही वाट उरली नाही.

दोन-तीन कोस पोरगं टाहो फोडून रडलं. मग एकाएकी गप्प झालं.

"निजला पाहा," पुढं धुरेवर बसलेला मनिराम म्हणाला. "गाडीच्या हालन्यानं लेकरं मस्त निजतेत."

रुख्मानं कुंचीच्या आत हात घातला. मान नुसती भाजत होती. ओठ सुकलेले. तिनं त्याला छातीशी धरलं तर तो तोंड उघडेना. डोकं एका बाजूला कललं ते कललंच.

"भाऊ, गाडी थांबव."

"इथं? कायले?"

"थांबव आधी!"

रस्त्याला लागून एक बोडी होती. धानाला पाणी पुरवणारं हे लहानसं तळं वैशाखात म्हशी बसण्यापुरतंच उरलं होतं, पण त्याच्या पाळीवर चिंच मोठी होती. तिच्या सावलीत रुख्मानं कुंची काढली, टोपडं काढलं, झबलं काढलं. करदोड्याखेरीज अंगावर काही ठेवलं नाही.

मनिराम भडकला. "काऊन गं, डोस्कं फिरलं का तुहं? मायनं दोन महिने डोळे फोडून शिवली थे. पोराले हवा लागन ना!"

"हवाच पाह्यजे त्याले."

"अन् तुही सासू का म्हनन? नागडंच आनलं म्हनन. मायच्या तोंडाले काळं लागन."

"तोंड धुता येते," रुख्मा म्हणाली. "पोरगं कुठून आनू? पानी दे."

प्यायच्या पाण्याचं मडकं गाडीत होतं. तिनं नव्या लुगड्याचा पदर त्यात बुडवून पिळला आणि बाळाची मान, काखा, मांड्या पुसू लागली. पुसायची, फुंकर घालायची, परत पुसायची. त्या हिरव्या लुगड्याचा रंग पक्का आहे, असं दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. पोरगं पोपटासारखं हिरवं झालं. एरवी भाऊ-बहीण पोट धरून हसले असते. पण मनिरामनं भाच्याचे लुळे पाय पाहिले आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्याला भीती वाटली. खांद्यावरचा पातळ दुपट्टा ओला करून तो मुकाट्यानं वारा घालू लागला.

बऱ्याच वेळानं बाळ कुरकुरलं, डोळे किलकिले केले आणि छातीला लागलं. घोट घेतल्याचा आवाज ऐकू आला तेव्हा कुठे रुख्मानं चिंचेला पाठ टेकली.

"आता चाल," मनिराम म्हणाला. "बाया वाट पाहून राहिल्या असतीन."

"ऊन उतरल्यावर," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

ते सौंदडला पोचले दिवेलागणीला. गाडीच्या चादरी वाटेतच सोडून आत ठेवल्या होत्या. दारात बायकांचा हा घोळका. सुमित्राबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायांवर पाणी घातलं आणि नातवाकडे पाहिलं. ओल्या दुपट्ट्यात नागडं, हिरवं पोरगं.

"काऊन गं, तुह्या मायघरी कपडे नव्हते का?"

मनिरामनं घाईघाईनं गाठोडं सोडलं. मखमल पाहून बायकांचे डोळे विस्फारले. शेजारच्या कुंदाबाईनं कुंची उचललीच. "घाला न मंग! कसा दिसते पाहू त द्या." सगळ्या डोकी पुढं काढून बाळावर वाकल्या. खरं सांगायचं तर त्यांना बाळ पाहायचंच नव्हतं, कुंची पाहायची होती. कुंदाबाईनं ती त्याच्या डोक्यावरून ओढलीसुद्धा.

रुख्मानं कुंची हिसकून काढली आणि कुंदाबाईच्या हातात परत कोंबली.

"नाही घालू देनार," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मरत होतं माहं लेकरू याच्यात. माह्या मायनं शिवली, तरी नाही घालू देनार."

मनिरामनं मान खाली घातली. सुनेनं सासूच्या तोंडावर आवाज चढवला होता, वर आपल्याच माहेरच्या आहेराला बोल लावला होता, आणि तेही उंबरठ्याच्या अलीकडे. आता काय होणार हे बायकांना ठाऊक होतं, रुख्मालाही ठाऊक होतं. याच गाडीतून परत जावं लागलं तरी जाईन, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि बाळाला घट्ट धरलं.

सुमित्राबाईनं उलटा हात बाळाच्या मानेला लावला, मग छातीला. दुपट्ट्याचं टोक चिमटीत धरून ओल पाहिली.

"कुठी थांबली होतीस?"

"बोडीवर, आत्याबाई. चिंचेखाली. ऊन जाईस्तोवर."

सुमित्राबाई गर्रकन वळली ती बायकांवर. "इथं का तमाशा लागला हाये? सरका! पोरगं पाहाचं हाये त दुरून पाहा, वारा येऊ द्या त्याले. कुंदा, थे कुंची ठेव खाली, अन् घरातून पंखा आन."

बायका अशा पांगल्या की अंगण मोकळं झालं. सुमित्राबाईनं अंगणातल्या बाजेवर सुनेला बसवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि पंखा हलवू लागली. मनिराम अजून गाठोड्यापाशी अवघडून उभा होता. त्याच्याकडे न पाहताच ती म्हणाली, "तुह्या मायले सांगजो, कुंची साजरी हाये. अन् पोरगी त्याच्याहून साजरी धाडली म्हनाव."

रुख्मा दिवसभर रडली नव्हती. आता तिला हुंदका आवरेना.

सुमित्राबाईनं पंखा थांबवला नाही. "रडाचं हाये त रड," ती म्हणाली, "पन पोराले पाजत रड. केव्हाचा तोंड उघडून राहिला थो."